एप्रिलमध्येही ओली राहिलेली भिंत: इंदिरानगरमधल्या एका बाथरूमचं प्रकरण

एप्रिल 2024 मध्ये नाशिकच्या इंदिरानगरमधून काकूंचा फोन आला. "साहेब, कपाटातल्या पैठणीला डाग पडलेत. बारीक, काळे. बाहेर ऊन मरणाचं आणि कपाटात बुरशी, हे काय आता?"

पैठणी येवल्याची, मुलाच्या लग्नात घेतलेली. साडीचं वाईट वाटलंच, पण मला टोचलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. याच घरातली बाथरूमची बुरशी मी इंजिनियर म्हणून आठ महिन्यांपूर्वी, ऐन ऑगस्टमध्ये बघितली होती. कारण सांगितलं होतं, उपाय करून घेतला होता, फी घेतली होती. एप्रिलमध्ये नाशकात दुपारची हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर घातलेल्या कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात. अशा हवेत बुरशी जगत असेल तर तिला पाणी हवेतून मिळत नाही, दुसरीकडून मिळतंय. हे मला ऑगस्टमध्येच कळायला हवं होतं. का कळलं नाही, तेही या टिपणात लिहितो.

इमारत 2004 सालची. खाली पार्किंग, वर चार मजले, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. घरात निवृत्त शिक्षक असलेले काका, काकू, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. बाथरूम दोन, पण गिझर एकाच ठिकाणी, त्यामुळे सकाळी साडेसहा ते साडेआठ पाचही जणांच्या आंघोळी तिथेच. या बाथरूमची एक भिंत बाहेरची, एक डक्टकडची, एक पॅसेजची, आणि चौथी, साडेचार इंची विटांची, काका-काकूंच्या बेडरूमला लागून. गिझरकडून येणारी लाइन, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक), शॉवर, सगळं या चौथ्या भिंतीत. 2019 मध्ये बाथरूम नव्यानं केलेलं. गंजलेले लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे, टाकले, सात फुटांपर्यंत टाइल लावल्या, खिडकीच्या जुन्या काचेच्या झडपा काढून अखंड काच बसवली आणि तिच्यात छोटा एक्झॉस्ट फॅन. बेडरूमच्या भिंतीला त्याच वेळी पीओपी करून भिंतभर कपाट उभं केलं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला पाठ लावून कपाट करू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. तेव्हा विचारायला कोणी आलं नव्हतं.

ऑगस्ट 2023: छतावरचे ठिपके

पहिल्या वेळची तक्रार छताची होती. सगळ्या छतावर काळे ठिपके. पेंटरनं एकदा रंग मारला, ते परत आले. मग "साहेब, हा अँटीफंगल माल आहे, गॅरंटी" असं म्हणून दुसऱ्यांदा मारला, तरी परत आले. आता सगळ्यांची बोटं वर होती, तिसऱ्या मजल्याकडे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरच्या गृहस्थांना चांगलंच धारेवर धरलं गेलं. बिचाऱ्यांनी भांडण नको म्हणून स्वतःच्या बाथरूमचे सगळे सांधे खोदून इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं होतं. ठिपके जागच्या जागी.

मी स्टुलावर चढून बघितलं तेव्हा पाच मिनिटांत लक्षात आलं की हे वरून आलेलं पाणी नाही. गळतीचा डाग एका जागी असतो, त्याला पिवळट-तपकिरी कड असते, रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात. इथे तसं काहीच नव्हतं. ठिपके वेगवेगळे, गोलसर, छतभर शिंपडल्यासारखे. शॉवरच्या वर आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात दाट, दाराजवळ विरळ. ओल्या फडक्यानं पुसल्यावर निघाले आणि खालचा रंग टणक होता. ठोकून पाहिलं तर प्लास्टरचा आवाज भरीव. ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या तर आकडा पॅसेजच्या कोरड्या छताइतकाच. म्हणजे पाणी वरवर बसत होतं, आतून येत नव्हतं.

हे पाणी आंघोळीच्या वाफेचं. 26 अंश तापमानाची आणि 90 टक्के आर्द्रतेची हवा 24 अंशांच्या पृष्ठभागाला लागली तरी त्यावर दव धरतं. पाच आंघोळींनंतर त्या बाथरूमची हवा याहून दमट असणार. त्यात पावसाळा, म्हणून ओले कपडेही तिथेच वाळत. डक्टमधून झुरळं आणि डास येतात म्हणून एक्झॉस्टच्या जाळीवर पुठ्ठा लावलेला. फॅन गेल्या वर्षीच्या गणपतीपासून बंद. झडपा होत्या तेव्हा काही न करता वाफ निघून जायची. अखंड काच बसवल्यावर ती वाट बंद झाली. "दिसायला किती छान," असं सुनेनं तेव्हा म्हटलं होतं. खरंच छान दिसते.

बुरशीचे बीजाणू सगळ्या घरांत, सगळ्या हवेत असतात, ते थांबवता येत नाहीत. त्यांना खायला साबणाचा साका, अंगाचा मळ, रंगातला चिकटा, एवढं पुरतं. हे बाथरूममधून हटवणंही अशक्य. हातात राहतं ते एकच, पाणी. पृष्ठभागाजवळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की बुरशी धरते. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर सहसा धरत नाही. नाशकात या वाफेच्या बुरशीचे दोन हंगाम असतात. एक श्रावण-भाद्रपदात, हवाच ओली असते म्हणून. दुसरा डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या खाली घसरतो, बाहेरची भिंत गार पडते आणि गरम पाण्याची वाफ तिच्यावर जाऊन बसते म्हणून. या दोन हंगामांच्या मध्ये ती आपोआप सुकून मरगळते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

तरीही वरच्यांचा विषय कायमचा मिटावा म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाणी साठवून चाचणी घेतली. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, बंद केला, दोन इंच पाणी भरलं, पातळीला पेन्सिलची रेघ मारली आणि 48 तास थांबलो. मग बूच काढून ड्रेनेजच्या पाइपात बादल्या ओतल्या, कारण साठवलेल्या पाण्यानं फक्त फरशी तपासली जाते, पाइप नाही. खाली काकूंच्या छतावर मीटरचा आकडा ढिम्म हलला नाही. वरचे निर्दोष सुटले.

सुनेला वेगळीच भीती होती. नातवाला पावसाळाभर खोकला होता आणि छतावरचे ठिपके काळे होते. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' या शब्दानं जी दहशत घातली, ती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. तो आजार, म्युकरमायकोसिस, वेगळ्या कुळातल्या बुरशीचा, आणि त्यातला काळेपणा मेलेल्या पेशींचा असतो. बाथरूममधल्या ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही. म्हणून हे ठिपके निरुपद्रवी असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलीच्या घरांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा जास्त आढळतो असं त्यात म्हटलं आहे, पण 'इतकी बुरशी चालेल' असा आकडा दिलेला नाही. ओलच राहू देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. रंगावरून घाबरू नये आणि रंगावरून निश्चिंतही होऊ नये. बादलीच्या कडेला येतो तो गुलाबी बुळबुळीत थर तर बुरशीच नाही, जिवाणूंचा असतो. मुलाला डॉक्टरांकडे न्या, एवढंच मी सांगितलं. खोकल्याचं निदान इंजिनियरनं करू नये.

काकूंना मात्र रागावलो. त्या छतावर ब्लीच मारत आणि फरशीवर संडास धुवायचं अ‍ॅसिड, तेही एकाच दिवशी, दार लावून. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. त्यात अ‍ॅसिड टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खातं, म्हणजे पुढच्या ओलीची सोय आपणच करून ठेवतो.

उपाय स्वस्तातला होता. अखंड काचेच्या जागी पुन्हा झडपा, बाहेरून बारीक जाळी, मोठा एक्झॉस्ट, आंघोळी झाल्यावर अर्धा तास चालू, दाराखाली हवा यायला बोटभर फट. छत घासून, वाळवून रंगवलं. दसऱ्यापर्यंत छत स्वच्छ, आणि नंतर हिवाळ्यातही ठिपके आले नाहीत. मी खूश.

जे दिसलं होतं आणि मी पाहिलं नाही

ऑगस्टच्या त्या भेटीची माझी वही मी एप्रिलमध्ये परत काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात दोन नोंदी होत्या. पहिली: "चौथी भिंत, खालच्या ओळीतल्या टाइलच्या सांध्यात वीतभर काळी रेघ. सून म्हणते कितीही घासा, आठ-दहा दिवसांत परत." पुढे कंसात मी लिहिलं होतं, "साबण, उतार कमी." दुसरी: "दाराची चौकट त्याच बाजूला खालून फुगली आहे." पुढे, "पावसाळा."

दोन्ही वेळा मी पहिलं सुचलं ते कारण लिहून पुढे गेलो. बाथरूममधले बाकी सगळे सांधे तेच साबण, तेच पाणी, तोच ब्रश भोगत होते. ते स्वच्छ राहत होते आणि ही एकच वीतभर रेघ परत येत होती, त्याच जागी, त्याच लांबीची. वाफ अशी निवड करत नाही, ती सगळीकडे बसते. एकाच ठिकाणी हट्टानं परत येणारी बुरशी म्हणजे तिथे मागून कोणीतरी पाणी घालतंय. छतावरचे शेकडो ठिपके इतके ठळक होते की त्या रेघेकडे माझं लक्ष टिकलं नाही. एका घरात दोन वेगळ्या ओली असू शकतात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

एप्रिल: कपाटामागे

कपाट रिकामं केलं तेव्हाच वास आला. कुबट, जुन्या पोथ्यांच्या पेटीसारखा. मागचा प्लाय खालून दोन फुटांपर्यंत मऊ पडलेला, बोट दाबलं तर आत जात होतं. तो कापून काढला तर भिंतीवर दोन गोष्टी दिसल्या. पीओपीवर काळपट-हिरवट बुरशी, आणि तिच्या वरच्या कडेला कापसासारखा पांढरा फुलोरा. पेंटर म्हणाला, "ही पांढरी बुरशी." मी त्याच्यासमोर पाण्याचा थेंब टाकला, फुलोरा विरघळून गेला. बुरशी पाण्यात विरघळत नाही. हा लोणा. भिंतीतून फिरणारं पाणी विटा आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे बुरशी म्हणते इथे ओल आहे, आणि लोणा म्हणतो ही ओल आतून बाहेर येते आहे. दोन्ही एकत्र दिसल्यावर वाफेचा विषयच संपतो.

तरी खात्री म्हणून बुरशीच्या थोडं वर, रंग शाबूत होता तिथे, फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून चिकटवलं. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूला दिसले तर भिंतीतलं पाणी. थेंब भिंतीच्या बाजूला होते. मे महिना तोंडावर आणि भिंतीला घाम. हे घरी कोणालाही करता येतं, चार आण्यांची चाचणी आहे. पावसाळ्यात मात्र तिचा निकाल धूसर येतो, म्हणून ती उन्हाळ्यात करावी.

मग मीटर घेऊन भिंतीवर सहा-सहा इंचांवर आकडे घेतले आणि खडूनं लिहून काढले. भिंतीतल्या क्षारांमुळे आकडे फुगतात, म्हणून एकेका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आकृती बघायची. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं यावरून आपण पूर मोजतो. भिंतीचंही तसंच वाचता येतं, फक्त मारुती किती पाणी आलं तेवढं सांगतो, भिंत कुठून आलं तेही सांगते. ओल सगळ्या भिंतीला खालून सारखी चढलेली असती तर फरशीखालून आली म्हटलं असतं. छताकडून ओघळ असता तर वरून. इथे आकृती घंटेसारखी होती. साधारण साडेतीन फुटांवर टोक, खाली रुंद होत गेलेली, तळाशी पाच फूट पसरलेली. विटा पाणी थोडं वरही ओढतात, म्हणून उगम टोकाच्या जरा खाली धरायचा. पलीकडे बाथरूममध्ये टेप लावून बघितलं. बरोबर तीन फूट दोन इंचांवर डायव्हर्टर.

आता प्रश्न एवढाच की पुरवठ्याची लाइन की सांडपाण्याची. फ्लॅटला पाण्याचा वेगळा मीटर नव्हता, नाहीतर सगळे नळ बंद करून काटा फिरतो का बघितलं असतं. नहाणी ट्रॅपमध्ये खायचा लाल रंग टाकून पाणी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी खाली पहिल्या मजल्यावर गेलो. तिथे भाडेकरू राहतात. लाल रंग कुठेच नव्हता, पण त्यांच्या बाथरूमच्या फॉल्स सिलिंगमध्ये दिव्याभोवती जुना पिवळा डाग होता. "मालक पुण्याला असतात, आम्ही कशाला बोलायचं," असं त्या ताई म्हणाल्या. दिव्याच्या पॉइंटजवळ ओल म्हणजे विषय फक्त रंगाचा राहत नाही. तो पॉइंट तिथल्या तिथे बंद करायला लावला.

शेवटी प्लंबरला हँडपंप घेऊन बोलावलं. थंड आणि गरम लाइन वेगळ्या करून, टोकं बूच मारून, एकेकीत दाब चढवला. थंड लाइनीचा काटा तासभर जागचा हलला नाही. गरम लाइन सहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर नेली, आम्ही चहा घेतला, परत आलो तर चार. चाळीस मिनिटांत दोन किलो उतरला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, छिन्नी आणू?"

टाइलमागे

डायव्हर्टरच्या शेजारची टाइल ठोकली तर बद्द आवाज. काढली तर मागचं सिमेंट काळं, ओलं, हातानं सुटणारं. गरम लाइन जिथे डायव्हर्टरला मिळते, तिथल्या पितळी आटेवाल्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, केसासारखी चीर. तिथून थेंब येत होता. घड्याळ लावून मोजलं, साधारण सहा सेकंदांना एक.

एवढ्याशा थेंबानं काय होतंय, असं काका म्हणाले. वीस थेंबांचा एक मिलीलीटर धरला तर दिवसाला पाऊण लिटरच्या जवळपास, वर्षाला अडीचशे लिटरच्या वर. आणि हे पाणी रात्रंदिवस येतं. सांडपाण्याचा पाइप फुटला तर तो वापराच्या वेळीच गळतो, मधे भिंतीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पुरवठ्याच्या लाइनीत टाकीचा दाब कायम असतो, दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो. गच्चीवरची टाकी भरलेली असेतो तो थेंब थांबणार नाही, मग बाहेर एप्रिल असो की ऑगस्ट.

चीर का पडली? आट्यावर टेफ्लॉन टेप गरजेपेक्षा बरीच जास्त गुंडाळून फिटिंग पान्यानं आवळलेलं होतं. लोखंडी पाइपांवर हात बसलेले प्लंबर सीपीव्हीसीलाही तसंच पिळतात. लोखंड सहन करायचं, हे करत नाही. त्यात पाइप भिंतीत सिमेंटनं घट्ट दाबलेला, हलायला जागाच नाही. सीपीव्हीसीचा एक मीटर पाइप 40 अंशांनी तापला की सुमारे अडीच मिलिमीटर लांब होतो. रोज सकाळी तापायचं, दुपारपर्यंत निवायचं, आणि ती ओढ कुठेतरी सोसायची. ती त्या एल्बोनं सोसली. म्हणूनच गरम लाइन गेली आणि तिच्या शेजारची थंड लाइन, त्याच माणसानं त्याच दिवशी टाकलेली, शाबूत राहिली.

पाण्याची वाट आता सरळ दिसत होती. टाइल मागे पाणी अडवतात, त्यामुळे बाथरूमच्या बाजूला ते फक्त तळाच्या सांध्यातून डोकावत होतं. तीच ती वीतभर रेघ. बेडरूमच्या बाजूला पीओपी, म्हणजे जिप्सम, टीपकागदासारखं शोषणारं. तिथे ते पसरलं, पण समोर कपाट. उरलेलं खाली उतरून फरशीखालच्या विटांच्या भरावात आणि तिथून पहिल्या मजल्याच्या छतात. तिन्ही जागा अशा की रोज कोणाची नजर पडत नाही. ज्या छतावर रोज नजर पडत होती, त्याचा या पाण्याशी संबंध नव्हता.

दुरुस्ती, आणि मुख्यतः थांबणं

एल्बो बदलणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. गरम लाइन पूर्ण नवी टाकली, वळणांवर फोमचं वेष्टण देऊन, आणि टाइल लावायच्या आधी चोवीस तास दाबाखाली ठेवून पाहिली. ही शेवटची पायरी 2019 मध्ये कोणी केली नव्हती. केली असती तरी चीर तेव्हा नसेलही, पण आवळलेलं फिटिंग डोळ्यांखालून गेलं असतं.

बेडरूमचं पीओपी ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून विटा उघड्या केल्या. बुरशी कोरडी खरवडली की बीजाणू घरभर उडतात, म्हणून आधी पाण्याचा फवारा, तोंडाला चांगला मास्क, दार बंद, खिडकी उघडी. लोणा मात्र उलट, कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करायचा. धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. प्लाय फेकला. पुसून, उन्हात ठेवून वापरू, असं मुलाचं म्हणणं होतं. बुरशी प्लायच्या आत मुरलेली असते, वरचं पुसून काही होत नाही.

बाथरूमच्या फरशीचा एक कोपरा उघडून भराव पाहिला. विटांचे तुकडे दमट होते, पण पाणी साचलेलं नव्हतं, त्यामुळे सगळा भराव काढायची वेळ आली नाही. खाली भाडेकरूंकडे सिलिंग कापून स्लॅब पाहिला. डागाखाली प्लास्टर सैल होतं, ते पाडल्यावर एका सळईवर हलका गंज. इथे मी जरा घाबरलो होतो. ओल टिकली की सळईभोवतालच्या काँक्रीटचं संरक्षण हळूहळू जातं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो आणि मग चिरा, पोपडे, पडझड. सळईची जाडी मोजली, कमी झालेली नव्हती. घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरनं बंद केली. अजून तीन-चार वर्षं थेंब चालला असता तर हे टिपण बुरशीचं झालं नसतं.

खरी ओढाताण झाली ती वाळण्यावरून. विटांच्या भिंतीला इंचाला एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ हिशोब आहे. साडेचार इंची भिंत, दोन्हीकडून उघडी, नाशिकचा मे महिना, पंखा चालू, म्हणजे जरा लवकर. पण पाऊस जूनमध्ये दार ठोठावणार. पेंटर मे अखेरीस तयार होता, काकूंनाही उघड्या विटा बघवत नव्हत्या. मीटर अजून वरच होतं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. "दिवाळीला रंग देतातच ना घराला?" त्यावर काकू हसल्या, पण सहा महिने बेडरूममध्ये विटांकडे बघत झोपणं सोपं नसतं, हे मान्य. ऑक्टोबरच्या मध्याला आकडे पॅसेजच्या भिंतीइतके आले. मग वाळू-सिमेंटचं प्लास्टर, पीओपी नाही, आणि दिवाळीच्या आधी रंग.

पैशांचं थोडक्यात. रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या, कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष विकासकानं विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. इथे इमारत जुनी आणि काम फ्लॅटमालकानंच नंतर करून घेतलेलं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीनं बघायची, फ्लॅटच्या आतल्या न्हाणीघराची सदस्यानं. म्हणून खालच्या छताचा खर्चही काकांनी दिला, कुरकुर न करता. इमारतीला पंधरा वर्षं होऊन गेली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ते झालेलं नव्हतं. या निमित्तानं मीटिंगच्या विषयपत्रिकेवर आलं.

एप्रिल 2025 मध्ये मी न बोलावता गेलो. कुरडयांचे दिवस, दुपारी तीन वाजता. भिंतीवर सहा-सहा इंचांवर पुन्हा आकडे घेतले, सगळे कोरडे. टाइलच्या तळाच्या सांध्यात रेघ नाही. कपाट नवीन आहे, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं, आणि पैठणी आता दुसऱ्या खोलीत आहे. डाग पूर्ण गेले नाहीत, काठाजवळ दिसतात. वरच्या गृहस्थांनी इपॉक्सीवर केलेला खर्च अजून कोणी भरून दिलेला नाही. काकूंनी त्यांना चहाला बोलावलं होतं, ते आले नाहीत.